बर्फासाठी जुनी फोर बाय फोर घेताना

महिंद्राची नवी थार बाजारात आली २ ऑक्टोबर २०२० रोजी. दुसऱ्याच दिवशी, ३ ऑक्टोबरला, रोहतांग खिंडीखालचा अटल बोगदा वाहतुकीसाठी खुला झाला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण पुढच्या काही हिवाळ्यांत तो जुळत गेला. खिंड बर्फाने बंद झाली की पलीकडचा लाहौल पूर्वी महिनोन्‌महिने तुटलेला असायचा. आता नऊ किलोमीटरच्या बोगद्यातून भर जानेवारीत मनालीहून सिस्सूला जाऊन त्याच दिवशी परतता येते, आणि तिथे एमएच बारा, एमएच चौदा पासिंगच्या गाड्याही दिसतात.

बर्फ पडू लागला की मनाली आणि बोगदा यांच्यामधल्या सोलंगजवळ पोलीस रस्ता अडवतात. पुढे जाऊ देतात ते फक्त फोर बाय फोर गाड्यांना, आणि कधी चाकांना साखळ्या बांधलेल्यांना. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या, तेव्हा पर्यटकांना रात्री उशिरापर्यंत बाहेर काढावे लागले होते. असा अनुभव घेऊन परतलेला माणूस घरी आला की पहिल्यांदा सेकंडहँड गाड्यांच्या जाहिराती चाळायला लागतो. नवी फोर बाय फोर खिशाला परवडत नाही, जुनी परवडेल असे वाटते. परवडतेही. फक्त जाहिरातीत जे लिहिलेले असते आणि गाडीच्या पोटाखाली जे असते, त्यांत बरेच अंतर असू शकते.

पहिला गोंधळ नावातच होतो. थार म्हटली की फोर बाय फोर, हा समज २०२२ अखेरपर्यंतच्या नव्या थारबद्दल खरा होता. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने फक्त मागची चाके ओढणारी थार आणली. दिसायला तीच गाडी, तोच रुबाब. फरक कळतो तो आत डोकावल्यावर: गिअरच्या दांड्याशेजारी ट्रान्सफर केसचा दुसरा, छोटा दांडा असेल तरच ती फोर बाय फोर. २०१० सालच्या जुन्या थारमध्येही फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती होतीच. स्कॉर्पिओ, सफारी, एक्सयूव्ही ५००, डस्टर, कंपास या सगळ्या दोन्ही प्रकारांत विकल्या गेल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य दोन चाकांवरच चालणाऱ्या आहेत. मागच्या दाराचा ‘4x4’ बिल्ला कोणालाही विकत घेऊन चिकटवता येतो, म्हणून त्यावर जाऊ नये. याउलट मारुतीची जिम्नी भारतात फोर बाय फोरमध्येच आली, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

खरी फोर बाय फोर आहे हे ठरले, तरी तीही मुख्यतः दोन जातींची असते. जिप्सी, थार, जिम्नी, स्कॉर्पिओ यांत चालकाने सांगेपर्यंत पुढची चाके मोकळी फिरतात. दांडा टू-एच मधून फोर-एच मध्ये ओढला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. फोर-एल म्हणजे तीच जखडलेली अवस्था, पण खूप संथ आणि खूप ताकदीची. खडा चढ, खडा उतार आणि चिखलात रुतलेली गाडी काढणे यासाठी. दुसरी जात डस्टर, कंपास, एक्सयूव्ही यांची. एरवी पुढची चाके ओढतात, ती घसरू लागली की इलेक्ट्रॉनिक कपलिंग मागच्या चाकांना ताकद पाठवते. शहरातून बर्फापर्यंत आणि परत, असा मुख्यतः डांबरी प्रवास असेल तर ही दुसरी जात चालवायला सोपी आणि आरामशीर. बर्फाखाली खडबडीत रस्ता किंवा ओढा असेल तर पहिलीच हवी.

आता पोटाखालचे. इथे मराठी मुलखातल्या गाडीची एक खास अडचण आहे. बर्फासाठी जी जुनी फोर बाय फोर आपण पुण्या-मुंबईत घेतो, तिचे पूर्वायुष्य बहुतेक वेळा पावसाळ्यात गेलेले असते. लोणावळा-मुळशीकडच्या चिखलवाटा, गुडघाभर पाण्यातून काढलेले ओढे, किंवा अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत मारलेले फेरे. समुद्राचे खारे पाणी चासीला आतून खाते आणि वरून मारलेला काळा रंग ते झाकतो. हिमाचलात डिसेंबर २०२३ मध्ये एका पर्यटकाने चक्क चंद्रा नदीच्या पात्रातून थार हाकली. त्याची चित्रफीत देशभर फिरली आणि पोलिसांनी चलान फाडले. अशा गाड्याही पुढे कधीतरी विक्रीला येतातच, आणि जाहिरातीत त्या ‘डॉक्टरने वापरलेली, फक्त हायवे रनिंग’ अशाच असतात.

म्हणून गाडी बघायला जाताना रॅम्प असलेले गॅरेज आणि ओळखीचा मेकॅनिक, दोन्ही सोबत हवेत. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचा ऑइल प्लग उघडून थोडे ऑइल बोटावर घ्यायला सांगा. ते काळपट असले तर चालेल. चहासारखे दुधाळ दिसले, तर आत पाणी गेले आहे आणि बेअरिंग, गिअर यांचे आयुष्य कमी झाले आहे. ट्रान्सफर केसचेही तसेच पाहावे. पुढच्या चाकांजवळचे रबरी बूट फाटलेले असतील तर ग्रीसमध्ये वाळू गेलेली असणार. प्रोपेलर शाफ्ट हाताने धरून उलटसुलट फिरवला आणि जॉइंटमध्ये ‘टक्‌’ वाजले तर जॉइंट गेला. चासीवर अलीकडची वेल्डिंग दिसली तर कारण विचारावे, आणि ‘तिथे थोडं घासलं होतं’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

दुसरी शक्यता अगदी उलटी. गाडी चिखलात कधी गेलीच नाही, आणि पाच वर्षांत फोर बाय फोरचा दांडाही कुणी हलवला नाही. वर्षानुवर्षे न वापरलेली यंत्रणा अडकते. खुळखुळा होईपर्यंत वापरलेली गाडी जितकी वाईट, तितकीच ही. तपासायची रीत सोपी आहे. मागच्या चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक ओढावा, पुढचे एक चाक जॅकवर उचलावे आणि जॅकच्या जोडीला स्टँड ठेवावा. टू-एच मध्ये गिअर न्यूट्रल असताना ते चाक हाताने फिरते. मग गाडी खाली घेऊन, इंजिन सुरू करून, फोर-एच टाकून दोन-चार मीटर चालवावी, म्हणजे पुढची जोडणी पक्की बसते. पुन्हा चाक उचलले तर आता ते हाताने फिरायला नको. फिरले, तर डॅशबोर्डवर फोर बाय फोरचा दिवा लागत असला तरी पुढची चाके ओढत नाहीत.

दुसरी चाचणी मोकळ्या मातीच्या मैदानावर. फोर-एच टाकून, स्टेअरिंग पूर्ण वळवून, चालण्याच्या वेगाने गोल फेरा मारावा. पहिल्या जातीची, म्हणजे पार्ट-टाइम यंत्रणेची गाडी या फेऱ्यात अडखळते, कुणीतरी मागून धरल्यासारखी ओढली जाते. एरवी जो दोष वाटेल, तो इथे यंत्रणा काम करत असल्याचा पुरावा आहे. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावे लागते आणि जखडलेले शाफ्ट ते होऊ देत नाहीत. मातीत चाके थोडी घसरून हा ताण सोडवतात, डांबरी रस्त्यावर तो सगळा गिअरवर येतो. म्हणूनच कोरड्या हायवेवर ‘सुरक्षेसाठी’ फोर-एच लावून पुणे ते नाशिक आलेला विक्रेता भेटला, तर त्याच्याकडे चहा प्यावा आणि निघावे.

डस्टर-कंपासच्या जातीत ही चाचणी लागू नाही. तिथे चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि सारख्याच झिजेचे आहेत का हे आधी पाहावे. दोन नवे आणि दोन गुळगुळीत टायर लावले की त्यांचे घेर वेगळे पडतात, कपलिंगला सतत काम करावे लागते आणि ते तापते. शिवाय जुनी डस्टर २०२२ मध्ये बंद झाली. तिच्या साध्या आवृत्तीचे भाग मिळतात, ऑल-व्हील-ड्राइव्हचे शोधावे लागतात.

टायरबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण खरेदीदार इथेच सगळ्यात कमी लक्ष देतो. चारही चाके ओढल्याने गाडी बर्फात निघते आणि चढते. ती थांबते मात्र इतर गाड्यांइतकीच, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात. निसरड्या बर्फावर गाडी थांबवायची ती टायरने. आपल्याकडचे ऑल-टेरेन टायर, गोटे कितीही दणकट दिसले, तरी गरम हवेसाठी बनवलेल्या रबराचे असतात आणि तापमान सात अंशांच्या खाली उतरू लागले की कडक होत जातात. युरोप-अमेरिकेत मिळणाऱ्या खऱ्या हिवाळी टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह असते. भारतात ते सहज मिळत नाहीत, म्हणून साखळ्या. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते: ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी शाबूत असली तरी बदलायचाच, आणि ती रक्कम सौद्यातून आधीच वजा करायची. आधीच्या मालकाने हौसेने मोठे टायर चढवले असतील तर साखळी बसल्यावर ब्रेकच्या पाइपला किंवा मडगार्डला घासते का, हे घराच्या पार्किंगमध्येच बांधून पाहावे. उणे तापमानात, हातमोजे काढून, हेडलाइटच्या उजेडात पहिल्यांदा साखळी बांधण्याची वेळ येऊ नये.

थंडीत इंजिनाचे हाल वेगळे. डिझेलमधले मेण गोठते आणि फिल्टर चोंदतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. मैदानी पंपावर भरलेल्या साध्या डिझेलला ती सोय नाही. त्यामुळे वर चढण्याआधी टाकीतले मैदानी डिझेल संपवून स्थानिक पंपावर भरणे चांगले. ज्या बीएस-६ डिझेल गाड्यांना युरियाचे द्रावण लागते, त्यांचे ते द्रावण उणे ११ अंशांना गोठते. पेट्रोल जिम्नी किंवा जिप्सीला यातले काही सोसावे लागत नाही. बॅटरी मात्र डिझेल-पेट्रोल दोन्ही गाड्यांची तपासून घ्यावी. आणि कूलंट! महाराष्ट्रात रेडिएटरमध्ये नळाचे पाणी ओतून चालवलेल्या गाड्या भरपूर आहेत. आपल्या उन्हात ते खपून जाते, पण स्पितीतल्या काझाच्या रात्री ते पाणी गोठून फुगते आणि इंजिनाचा ब्लॉक फोडू शकते. निम्मे कूलंट, निम्मे शुद्ध पाणी हे मिश्रण गाडी घेतल्याच्या आठवड्यातच भरून घ्यावे.

कागदपत्रांत परराज्यातल्या गाडीची भानगड मोठी. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिथल्या फॉर्च्युनर, पजेरो, एंडेव्हर स्वस्तात बाहेर पडत राहिल्या. त्या नियमांत पुढे बदल होत गेले, म्हणून त्या गाडीपुरती आजची स्थिती आरटीओतच विचारावी. बाहेरच्या राज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स लागतो. स्वस्त वाटलेला सौदा तिथे महाग पडतो. मूळ आरटीओची एनओसी हातात नसेल तर टोकनसुद्धा देऊ नये. लष्कराने लिलावात काढलेल्या जिप्सींचे आकर्षण अनेकांना असते, पण नोंदणी आणि फिटनेस निभवायला जवळ वेळ आणि चिकाटी असेल तरच त्या वाटेला जावे.

मग घ्यावी कोणती? दरवर्षी हिमालयात जाणाऱ्याला, बोजा कमी असेल तर, जिम्नी शोभते. चौघांचे कुटुंब आणि सामान असेल तर पक्क्या छताची २०२० नंतरची डिझेल थार किंवा पहिल्या पिढीची, कायम चारही चाकांवर चालणारी फॉर्च्युनर. कापडी छताची जिप्सी बर्फात कमालीची चालते, पण उणे पंधरात तिच्यात बसणे ही हौसेपेक्षा शिक्षाच. आणि आयुष्यात एकदा, चार दिवस बर्फ पाहायचा आहे, एवढाच हेतू असेल तर पुण्याहून दोन हजार किलोमीटर स्वतःची फोर बाय फोर नेण्याऐवजी मनालीत स्थानिक चालकाची फोर बाय फोर टॅक्सी करावी. त्याला कुठल्या वळणावर सावलीत काळा बर्फ धरतो ते ठाऊक असते आणि दुपार कलली की तो परतायला सांगतो.

गाडी घेतलीच, तर नाव बदलल्याच्या १४ दिवसांत विमाही स्वतःच्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. हप्ता त्यानुसार वाढेल हे गृहीत धरा.