दुकानात पाणी, विधानसभा बंद: छोट्या व्यापाऱ्याचा प्रश्न सभागृहात पोहोचतो कसा?

२०२१ ची बकरी ईद २१ जुलैला होती. त्याच रात्री वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळूणमध्ये चढलं. २२ तारखेला सकाळपर्यंत बाजारपेठ, पेठमाप, मुरादपूर, खेर्डी सगळं पाण्याखाली होतं. त्याआधी एप्रिलपासून ‘ब्रेक द चेन’च्या नावाखाली बरीच दुकानं बंद किंवा अर्धवट उघडी होती. उधारीवर भरलेला माल पाण्यात गेला. चिखल काढायला गावोगावची पोरं आली, जमातींनी जेवणं पोहोचवली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पण ज्या गोष्टीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही, ती मुंबईत घडत होती. किंवा घडत नव्हती, असं म्हणू.

राज्य विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन त्या वर्षी ५ आणि ६ जुलै असं दोनच दिवस झालं. पहिल्याच दिवशी गोंधळ होऊन भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले (पुढे २८ जानेवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टानं ते निलंबन रद्द केलं). पूर आला तो अधिवेशन संपल्यावर सोळाव्या दिवशी. पुढचं अधिवेशन सुरू झालं २२ डिसेंबरला. म्हणजे पुरानंतर बरोबर पाच महिने सभागृहच भरलं नाही. राज्यघटनेच्या कलम १७४ प्रमाणे दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नसावं. नियम मोडला नव्हता. फक्त त्या काळात चिपळूणच्या दुकानदारासाठी मंत्र्याला सभागृहात उभं करून जाब विचारण्याची सोय नव्हती.

पत्र लिहिणं, निवेदन देणं, पालकमंत्र्यांच्या बैठकीत बोलणं हे आमदार कधीही करू शकतो. पण पत्राला उत्तर न देणाऱ्या खात्याचं फारसं काही बिघडत नाही. सभागृहात दिलेलं उत्तर मात्र छापलं जातं, नोंदीत राहतं, आणि खोटं निघालं तर हक्कभंगापर्यंत गोष्ट जाऊ शकते. फरक इथे आहे.

त्या पाच महिन्यांत विचारायला काय काय होतं, ते पाहू.

नैसर्गिक आपत्तीत मदत कशाला आणि किती द्यायची याचे निकष केंद्र सरकार ठरवतं. घर पडलं, जनावर वाहून गेलं, पीक गेलं, या सगळ्याला त्यात दर आहेत. त्या वेळच्या निकषांत पूर्ण निकामी झालेल्या बोटीला ९,६०० रुपये होते (रत्नागिरीच्या खलाशाला विचारा, एवढ्यात काय येतं!). हातमाग-हस्तकलेच्या कारागिराला अवजारांसाठी ४,१०० आणि कच्च्या मालासाठी ४,१०० होते. पण दुकानातल्या मालाला रकानाच नाही. किराणा, कापड, मोबाइल दुरुस्ती, बेकरी, यांचं नुकसान त्या यादीत बसतच नाही. म्हणून प्रत्येक पुरानंतर राज्य सरकारला दुकानदारांसाठी वेगळा निर्णय घ्यावा लागतो. तो हक्क नसतो, त्या वेळच्या सरकारची इच्छा असते.

२०१९ ला कोल्हापूर-सांगलीत पूर आला तेव्हा छोट्या व्यावसायिकांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये असा निर्णय झाला. २०२१ मध्ये ३ ऑगस्टला राज्य मंत्रिमंडळानं पॅकेज जाहीर केलं त्यातही दुकानदाराला तेच: ७५ टक्के, कमाल ५० हजार. टपरीवाल्याला कमाल १० हजार. ज्याचा आठ-दहा लाखांचा माल चिखलात गेला, त्याच्यासाठी ७५ टक्के हा आकडा नुसता कागदावरच, हातात येणार ते ५० हजार. ही कमाल मर्यादा कशाच्या आधारावर ठरली, हा साधा प्रश्न आहे.

आणि ती मदतही सरसकट नव्हती. दुकानदार स्थानिक रहिवासी हवा, मतदार यादीत नाव हवं, रेशनकार्ड हवं, दुकान अधिकृत हवं. आता आपल्याकडची परिस्थिती बघा. कोकणातल्या कित्येक मुस्लिम घरांत दुकानाचा परवाना अब्बांच्या नावावर, रेशनकार्ड गावच्या घराचं, आणि गल्ल्यावर बसणारा धाकटा भाऊ कालपरवापर्यंत आखातात असल्यानं त्याचं नाव मतदार यादीतच नाही. गाळा भाड्याचा, भाडेकरार तोंडी. पंचनामा करणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर असा माणूस ‘अपात्र’ ठरायला वेळ लागत नाही. नुकसान खरं असतं, कागद जुळत नाहीत. अटी लावूच नयेत असं नाही, नाहीतर बोगस नावं घुसतात हेही खरं. पण अटीमुळे किती जण बाहेर राहिले, हे सरकारनं सांगायला हवं. ते सांगायला लावण्याची जागा म्हणजे सभागृह.

त्या पॅकेजचा एकूण आकडा ११,५०० कोटींचा होता. बातम्यांत तोच गाजला. त्याची फोड अशी: थेट मदतीला १,५०० कोटी, पुनर्बांधणीला ३,००० कोटी आणि पुढे असे पूर येऊ नयेत वा त्यांचा फटका कमी व्हावा यासाठी ७,००० कोटी. आणि हे एकट्या चिपळूणसाठी नव्हे, सगळ्या पूरग्रस्त जिल्ह्यांसाठी. म्हणजे सर्वांत मोठा भाग दीर्घ मुदतीच्या कामांचा, ज्याचा हिशोब विचारायला वर्षानुवर्षं मागे लागावं लागतं. नद्यांमधला गाळ काढावा म्हणून चिपळूण बचाव समितीला त्याच डिसेंबरात साखळी उपोषणाला बसावं लागलं, यावरून काय ते समजा.

दिल्लीत मात्र उलट चित्र होतं. संसदेचं अधिवेशन १९ जुलैला सुरू झालेलं होतं, म्हणजे पूर आला तेव्हा लोकसभा चालू होती. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचं केंद्रीय खातं नुकतंच, ७ जुलैला, कोकणातल्याच नारायण राणेंकडे आलं होतं. याहून सोयीची वेळ कुठली? पण पेगॅससवरून रोज गदारोळ झाला आणि लोकसभेचं काम नियोजित ९६ तासांपैकी २१ तासांच्या आसपासच झालं. चूक कुणाची यावर दोन्ही बाजूंचे लोक अजून भांडतील. गदारोळात जी प्रश्नोत्तरं बुडतात त्यात छोट्या दुकानदाराचाही प्रश्न बुडतो, एवढं मात्र खरं.

आता सभागृहातल्या आयुधांविषयी. नावं पेपरात वाचतो, पण कुठलं कशासाठी हे नीट माहीत नसतं. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, हीच त्याची खरी ताकद. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर. तातडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना, विधानसभेत ती नियम १०५ खाली येते. पैशांचा विषय असेल तर पुरवणी मागण्या मांडल्या जातात तेव्हा बोलायचं, कारण तिथे सरकारला सभागृहाची मंजुरी लागते. मंत्र्यानं सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही हे पाहायला आश्वासन समिती असते. शिवाय खर्च झाल्यावर कॅगचा अहवाल आणि लोकलेखा समिती आहेच, पण तोपर्यंत दुकानदारानं एकतर दुकान सावरलेलं असतं, नाहीतर विकलेलं.

विधिमंडळाच्या प्रश्नांना ठरलेला साचा असतो. ‘हे खरे आहे काय’ पासून सुरुवात, आणि शेवटी हमखास ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरंही ठरलेली: ‘हे अंशतः खरे आहे’, ‘कार्यवाही सुरू आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. ढोबळ विचारलं की असंच ढोबळ उत्तर मिळतं. ‘चिपळूणच्या व्यापाऱ्यांना मदत मिळाली काय?’ असं विचारलं तर खात्याला सुटायला दहा वाटा. त्याऐवजी: किती दुकानांचे पंचनामे झाले, किती पात्र ठरली, रहिवासाच्या अटीवर किती आणि परवान्याच्या अटीवर किती बाद झाली, पैसे खात्यात कुठल्या तारखेला जमा झाले, आणि ७,००० कोटींपैकी वाशिष्ठी-शिवच्या कामांवर आजवर किती खर्च झाला? इथे आकडाच द्यावा लागतो.

सभागृह चालू असलं की काय होतं त्याचा दाखला २०२३ चा. त्या जुलैत विदर्भात आणि इतरत्र अतिवृष्टी झाली तेव्हा अधिवेशन सुरू होतं, आणि दुकानदारांना ५० हजार व टपरीवाल्यांना १० हजारांच्या मदतीची घोषणा अजित पवारांनी विधानसभेतच केली. रक्कम पुन्हा तीच, हे सोडा. पण शब्द सभागृहात दिला गेला, म्हणून त्याचा पाठपुरावाही सभागृहात करता येतो.

हाच हिशोब आपल्या जवळच्या दुसऱ्या विषयाला लावून पाहा. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ २००० साली स्थापन झालं. १० ऑक्टोबर २०२४ ला मंत्रिमंडळानं त्याचं भागभांडवल ७०० कोटींवरून १,००० कोटी करायला मंजुरी दिली, आणि पाचच दिवसांनी विधानसभा निवडणूक जाहीर झाली. बातमी व्हॉट्सॲपवर खूप फिरली. पण भागभांडवलाची मर्यादा वाढणं म्हणजे डब्याचं माप मोठं होणं, डबा भरणं नव्हे. दर वर्षी बजेटमध्ये प्रत्यक्ष किती दिले, रत्नागिरी जिल्ह्यातून किती अर्ज गेले, किती मंजूर झाले आणि किती जामीनदाराच्या अटीवर अडले, हे कुणीतरी विचारायला हवं.

विचारणार कोण, यातही एक गंमत आहे. रत्नागिरी जिल्ह्यात विधानसभेचे पाच मतदारसंघ: दापोली, गुहागर, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर. २०२४ च्या निवडणुकीनंतर रत्नागिरीचे उदय सामंत उद्योगमंत्री झाले, दापोलीचे योगेश कदम राज्यमंत्री. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. म्हणजे जिल्ह्यातून प्रश्न विचारू शकणारे आमदार उरले तीन: गुहागरचे भास्कर जाधव, चिपळूणचे शेखर निकम, राजापूरचे किरण सामंत. रत्नागिरी शहरातल्या किंवा दापोलीतल्या दुकानदाराला आपला प्रश्न सभागृहात न्यायचा असेल तर यांच्यापैकी कुणाकडे किंवा विधान परिषदेच्या सदस्याकडे जावं लागेल. आमदार दुसऱ्या तालुक्याचा आहे म्हणून त्याला विचारता येत नाही असं काही नाही. प्रश्न अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्यावे लागतात, तेव्हा अधिवेशनाची तारीख जाहीर होण्याची वाट पाहू नका. कागद तयार ठेवा: पंचनाम्याची प्रत, दुकानाचा परवाना, अर्जाचा क्रमांक, नकाराचं पत्र असेल तर तेही. एकट्याची तक्रार घेऊन जाण्यापेक्षा एकाच बाजारातल्या दहा-पंधरा जणांची यादी दिली तर आमदाराला प्रश्न लिहिणं सोपं जातं. आणि मागच्या अधिवेशनांत तुमच्या तालुक्याविषयी कुणी काय विचारलं, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, त्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीतच मिळतात.