ऑस्ट्रेलिया : भूरूपे व नदीप्रणाली

मनुष्यवस्ती असलेल्या खंडांपैकी ऑस्ट्रेलिया हे सर्वांत कोरडे खंड आहे. प्राकृतिकदृष्ट्या त्याचे तीन भाग पडतात : पश्चिमेचे पठार, मध्यवर्ती सखल प्रदेश आणि पूर्वेचा डोंगराळ प्रदेश.

पश्चिमेचे पठार अतिप्राचीन खडकांचे असून ग्रेट सँडी, गिब्सन व ग्रेट व्हिक्टोरिया ही वाळवंटे त्यावरच पसरली आहेत. खंडाच्या मध्याजवळ उलुरू हा तांबूस वालुकाश्माचा अखंड डोंगर आसपासच्या सपाटीपासून 348 मी. उंच उठतो.

पूर्व किनाऱ्याला समांतर ग्रेट डिव्हायडिंग रेंज जाते. तिच्यातील कोसियुस्को (2,228 मी.) हे खंडाच्या मुख्य भूमीवरील सर्वोच्च शिखर होय. पॅसिफिकवरून येणारे बाष्पयुक्त वारे पूर्व उतारावर पाऊस पाडतात; पश्चिमेकडील प्रदेश पर्जन्यछायेत राहतो.

याच पर्वतरांगेत उगम पावणारी मरी ही सर्वांत लांब नदी (2,508 किमी.) आहे. वेंटवर्थजवळ तिला डार्लिंग मिळते. या खोऱ्यात मोठ्या प्रमाणावर सिंचनाची शेती होते.

मध्यवर्ती भागातील डायमँटिना, कूपर क्रीक इत्यादी नद्या समुद्राला न मिळता एअर सरोवराकडे वाहतात. समुद्रसपाटीहून सुमारे 15 मी. खोल असलेला त्याचा तळ एरवी मिठाच्या पांढऱ्या थराने झाकलेला असतो. क्वीन्सलँडमध्ये अतिवृष्टी झाली, तरच पुराचे पाणी तेथवर पोहोचते. पृष्ठभागावरील ही उणीव भूगर्भातील ग्रेट आर्टेशियन बेसिन काही अंशी भरून काढते. त्याच्या विंधनविहिरींवर मेंढ्या व गुरे पोसली जातात.