तान्ह्या बाळाचे वजन : माप कोणते लावायचे?



उसाच्या पानावर बाळाचा विषय कशाला, असे आपणांस वाटेल. पण हंगामात आम्ही रोज फडावर असतो, आणि फडाच्या बांधावर झोळीत तान्ही मुलेही असतात.

गेल्या हंगामात बीडकडच्या एका टोळीत चार महिन्यांचे पोर होते. पहिले तीन महिने वजन भराभर वाढले, पुढे वेग मंदावला. "दूध पुरंना झालंय सायेब," म्हणत आजीने बाटली सुरू केली. आठ दिवसांत पोराला हगवण लागली, सलाईन लावावे लागले. आईचे दूध आटलेच नव्हते. चुकले होते ते माप.

जुलैत लावलेल्या आडसालीच्या कांड्या मोजून आपण जानेवारीतल्या सुरूला नावे ठेवतो का? बाळाचे तसेच आहे. पूर्वीचे वजनाचे तक्ते मुख्यतः बाटलीच्या दुधावर वाढलेल्या अमेरिकन मुलांवरून केलेले होते. त्यात अंगावर पिणारे बाळ तीन-चार महिन्यांनंतर मागे पडल्यासारखे दिसे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात भारतासह सहा देशांतील सुमारे 8,500 मुलांची मापे घेतली व 2006 साली आईच्या दुधावर वाढलेल्या बाळांचे नवे तक्ते काढले. आज अंगणवाडीत तेच वापरतात.

ढोबळ हिशेब असा. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडे घटते. तीन किलोच्या बाळाचे दोन-तीनशे ग्रॅमपर्यंत. दोन आठवड्यांत ते भरून येते. पहिले तीन महिने रोज 20 ते 30 ग्रॅम वाढ होते, मग वेग कमी होतो. पाच-सहा महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षाला सुमारे तिप्पट वजन होते. एका दिवसाच्या वजनावर जाऊ नका. दर महिन्याची रेघ वर चढते ना, ते बघा.

बाळ दिवसरात्रीत सहा वेळा तरी लघवी करत असेल व तरतरीत असेल, तर दूध पुरते आहे. पहिले सहा महिने पाणी, गुटी, मध काही नको. आपल्या सोलापूरच्या उन्हातही वेगळे पाणी लागत नाही. सहा महिन्यांनंतर मऊ भात-वरण सुरू करावे, दूध चालूच ठेवावे.

पण दोन आठवड्यांत जन्मवजन भरून आले नाही, महिनाभर वाढच झाली नाही, लघवी कमी झाली किंवा बाळ मलूल पडले, तर घरी वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी विनंती. आपल्या फडात तान्ह्या बाळाची आई असेल तर दर दोन-तीन तासांनी तिला पाजायला सोडा. मुकादमाला तसे बजावा. टोळीवाल्यांचे वजनाचे कार्ड बहुधा गावाकडेच राहते. ते संगे आणायला सांगा आणि जवळच्या अंगणवाडीत बाळाचे वजन करवून घ्या. तेवढ्याने आपली एखादी मोळी उशिरा बांधली जाईल, इतकेच.

— ऊस विकास अधिकारी