पाठीवरचं बिऱ्हाड : उंच माणसाची पाठ

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलंय. पठ्ठ्या 6 फूट 3 इंच, कॉलेजात असताना बास्केटबॉल खेळायचा. लिहितो, ‘सॅकचे पट्टे तुम्ही मागे लिहिलेल्या क्रमानेच आवळतो. तरी दुसऱ्या तासाला खांदे भरून येतात ते येतातच. उंचीच्या हिशोबाने 75 लिटरची सॅक घेतली होती. आता 90 ची घेऊ का?’

या वेळी स्लीपिंग बॅगांवर लिहायचं कबूल केलं होतं, ठाऊक आहे. थंडीला अजून अवकाश आहे, त्या थांबतील. हा मात्र 90 ची सॅक घेऊन मोकळा व्हायचा, म्हणून आधी त्याचं बघू.

नको घेऊस बाबा. लिटरवरून सॅकमध्ये सामान किती मावेल ते कळतं, ती कुणाच्या पाठीवर बसेल ते कळत नाही. आपल्याकडे दुकानात उंच गिऱ्हाईक शिरलं की विक्रेता वर बघतो आणि सगळ्यात मोठी सॅक काढून देतो. चपलेचा नंबर कुणी मिशीवरून काढत नाही, पण सॅकच्या बाबतीत असलं काहीतरी सर्रास चालतं. चांगल्या कंपन्या एकच 65 लिटरची सॅक पाठीच्या दोन किंवा तीन मापांत काढतात. पोटात दोन-तीन लिटरचा फरक पडतो, पाठीत चांगला तीन-चार इंचांचा. आणि 90 लिटर म्हटलं की माणूस 90 लिटर भरतोच. रिकामी जागा कुणाला बघवत नाही.

मोजायची ती पाठ. तीही उंचीवरून ओळखता येत नाही, आणि उंच माणसं नेमकी इथेच फसतात. आमच्या गटात दोघे दोस्त आहेत, एक 6 फूट 2 इंच आणि दुसरा 5 फूट 9 इंच. चालताना जोडी विजोड दिसते. गडावर पोचून टाक्याच्या कडेला शेजारी शेजारी बसले, की डोकी एका रेषेत. लंबूची सगळी उंची पायांत आहे. त्याची पाठ 19 इंच, बुटक्याची 20. म्हणजे लार्ज सॅकची गरज असलीच तर ती बुटक्याला. तेव्हा नाशिककर, तुमची पाठ लांब असेल असं मी गृहीत धरत नाही. तुम्हीही धरू नका.

मापाला शिंप्याकडची कापडी टेप आणि एक मदतनीस लागतो. स्वतःची पाठ स्वतः मोजायला जाऊ नये, हात मागे नेला की पाठच वाकते. मान खाली घाला, म्हणजे मानेच्या मुळाशी एक हाड ठळक वर येतं. तो मानेचा सातवा मणका, तिथून सुरुवात. आता कमरेवर हात ठेवून उभे राहा, नळावर भांडायला उभं राहतात तसेच, अंगठे मागे. पंजाच्या बेचकीखाली जो हाडाचा कंगोरा लागतो तो कमरेच्या हाडाचा वरचा काठ. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी आडवी रेषा पाठीच्या कण्याला जिथे छेदते तिथे माप संपलं. टेप कण्याच्या बाकाला धरून सोडायची, ताणून सरळ करायची नाही. साधारणपणे 18 ते 20 इंचांना मीडियम म्हणतात आणि त्यापुढे लार्ज सुरू होते. पण प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो. अक्षरावर जाऊ नका, इंच बघा.

हे माप खरोखरच लांब निघालं, 21-22 इंच, आणि सॅक मात्र मीडियम, तर काय होतं? दोनच गोष्टी होऊ शकतात आणि दोन्ही वाईट. बेल्ट जागेवर, म्हणजे कमरेच्या हाडावर बांधला, तर खांद्याचे पट्टे पाठीवर फार खाली उरतात. ते खांद्यावरून वळून मागे खाली जातात आणि पावलागणिक खांदे खाली ओढतात. पट्टे नीट बसवले तर बेल्ट वर सरकून बेंबीवर येतो. तिथे हाड नाही, नुसतं पोट. बेल्ट कितीही आवळा, भार घ्यायला खाली काही नाही. उलट चढावर श्वास अडतो, मग आपण तो सैल करतो आणि सगळं वजन पुन्हा खांद्यांवर. नाशिककरांच्या खांद्यांचं दुखणं बहुधा यातलंच एक आहे. पट्ट्यांचा क्रम बिचारा बरोबरच असणार.

कमरेवर भार घ्यायचा हे आज आपण जन्मजात ज्ञान असल्यासारखं बोलतो. पण या कल्पनेचा प्रसार व्हायला विसाव्या शतकाची पन्नाशी उजाडावी लागली. डिक केल्टी हा कॅलिफोर्नियातला माणूस. महायुद्धाच्या काळात विमानाच्या कारखान्यात होता, नंतर सुतारकाम करायचा. सिएरा नेवाडाच्या डोंगरांत मित्राबरोबर भटकत असताना सॅकच्या लाकडी चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोचली, तर खांदे एकदम हलके झाले. भार कमरेवर गेला होता! 1952 मध्ये ग्लेनडेलमधल्या स्वतःच्या घरी त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या चौकटी करून विकायला सुरुवात केली. कापडाची शिलाई बायको नीना करायची. पहिल्या वर्षी खपल्या 29. हा आकडा मला फार आवडतो. आज जगभर लाखो लोक कमरेला जे बकल लावून डोंगर चढतात, त्याचं दुकान पहिल्या वर्षी महिन्याला धड तीनही नगांवर गेलं नव्हतं.

या साऱ्या भानगडीपासून नेपाळी भारवाहक मात्र मोकळा आहे. डोकोचा, म्हणजे पाठीवरच्या टोपलीचा, भार तो नाम्लो या पट्ट्याने डोक्यावरून घेतो. माणूस उंच असो की बुटका, दोर लहानमोठा केला की माप झालं.

केल्टीची चौकट बाहेर दिसायची. ती सॅकच्या आत नेली ग्रेग लो या अमेरिकन गिर्यारोहकाने, 1967 मध्ये. खांद्याच्या पट्ट्यांवरून वर सॅकच्या डोक्याकडे जाणारे ते दोन बारीक पट्टे आहेत ना, ज्यांना आपल्याकडचे निम्मे लोक कधी हातच लावत नाहीत, तेही त्याचंच डोकं. उंच माणसाचा खरा तिढा या पट्ट्यांपाशी आहे, आणि आजचा लेख खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहायला घेतला.

हे पट्टे खांद्यावरून तिरके वर जायला हवेत. 45 अंशांचा कोन उत्तम, 30 ते 60 च्या दरम्यान चालून जातं. तिरके असले की ओढल्यावर खांद्याचा पट्टा थोडा उचलला जातो आणि मागे कलंडू पाहणारं सॅकचं डोकं पाठीकडे येतं. आडवे राहिले की सॅक पाठीला टेकते इतकंच, खांद्यावरचं ओझं कमी होत नाही. आणि खाली उतरते झाले, तर ओढाल तितका खांदा जास्त दाबला जातो. आता, ते तिरके वर जायचे तर वर त्यांना धरायला काहीतरी कडक हवं. म्हणजे आतल्या सळया खांद्यांच्या वर तीन-चार इंच तरी निघायला हव्यात. वरचं नुसतं कापड काय धरणार?

आणि इथे ‘पाठ कमी-जास्त करता येते’ या जाहिरातीतली मेख आहे. त्या सॅकमध्ये खांद्याचे पट्टे ज्याला जोडलेले असतात तो भाग शिडीसारख्या पायऱ्यांवर किंवा वेलक्रोवर वरखाली सरकतो. उंच गिऱ्हाईक आलं की विक्रेता तो पार वरच्या टोकाला नेतो आणि म्हणतो, ‘बघा साहेब, बसली!’ बसते खरी. बेल्ट कमरेवर, पट्टे खांद्यावर, सगळं कसं छान. पण पट्टे वर गेले तरी सळया तेवढ्याच राहिल्या. त्यांचं टोक आता खांद्याच्या बरोबरीला आलं आणि ते बारीक पट्टे आडवे झाले. दुकानातल्या रिकाम्या सॅकमध्ये हे जाणवतच नाही. जाणवतं ते पाणी, शिधा, तंबू भरून तीन तास चालल्यावर.

म्हणून उंच माणसाने सॅक घेताना एक चाळा करावा. बेल्टच्या मधोमध एक बोट ठेवावं, दुसऱ्या हाताने कापडावरून चाचपत सळईचं वरचं टोक शोधावं आणि मधलं अंतर टेपने मोजावं. ते पाठीच्या मापापेक्षा निदान तीन-चार इंच जास्त हवं. 21 इंच पाठीला 24-25 इंच. तेवढं नसेल तर कंपनी कुठली, रंग कुठला, लिटर किती, सगळं गौण. विक्रेता आपल्याकडे चमत्कारिक नजरेने बघतो, बघू दे. ड्यूटर ही जर्मन कंपनी काही सॅक ‘ईएल’ अशा अक्षरांनी खास लांब पाठींसाठी काढते. इतर काहींच्या लार्ज किंवा एक्स्ट्रा लार्जमध्ये सळयाही खरोखर लांब असतात. आपल्याकडे ही मापं दुकानात टांगलेली क्वचितच दिसतात, मागवावी लागतात. मागवा. मीडियम आहे म्हणून मीडियम घेऊ नका.

आता लांब सॅक मिळाली तर दुसरी पंचाईत. आपल्याकडचे उंच पोरगे बहुतेक शिडशिडीत. लार्ज पाठीबरोबर पुष्कळदा लार्ज बेल्टही येतो, आणि तो पूर्ण आवळला तरी या बांबूंच्या कमरेवर ढिलाच. पुढून बकल लावल्यावर दोन्ही बाजूंच्या गाद्यांमध्ये चार-पाच बोटांचं अंतर उरायला हवं. गाद्या एकमेकींना भिडल्या की आवळायला जागाच संपली. काही कंपन्यांचे बेल्ट सुटे असतात, पाठ लार्ज आणि बेल्ट मीडियम अशी जोडी जमते. हा प्रश्न विकत घेण्याआधी विचारायचा.

शिवणकाम करणाऱ्याकडून पट्टे वर सरकवून घ्यावेत का, असंही काहीजण विचारतात. शिलाई होईल हो. सळई कोण वाढवणार?

इतकं सांगून झाल्यावर सह्याद्रीची बाजूही मांडायला हवी, कारण आपला डोंगर उंच सॅकचा वैरी आहे. राजगडाच्या चोर दरवाज्यात 6 फूट 3 इंचांचा माणूस आधीच घडी घालून शिरतो, त्यात डोक्यावर वीतभर सॅक असली की तो आत निम्मा आणि बाहेर निम्मा. कारवीच्या रानात वाट बोगद्यासारखी होते तिथे प्रत्येक फांदी सॅकच्या टोपणालाच अडकते. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना पुढची पकड बघायला मान वर करावी, तर हेल्मेट मागे सॅकवर आपटतं. कसारा लोकलच्या फळीवर ती मावत नाही हे तर सोडाच, तिथे कुणाचीच मावत नाही.

त्यामुळे माझं मत असं की एका मुक्कामाच्या सह्याद्रीतल्या ट्रेकसाठी उंच माणसानेही 40-45 लिटरच्या वर जाऊ नये. सहा-सात किलोंपर्यंतच्या ओझ्याला लांब सळयांचा अट्टहास करायचं कारण नाही. तेवढं खांदे सोसतात. बेल्ट कमरेच्या हाडावर येतो ना, एवढं बघितलं तरी पुरे. टोपणाचा कप्पा रिकामा ठेवून खाली आवळला की हेल्मेटला जागा होते. हिमालयात जिथे मोठं सामान खेचरांवर जातं तिथेही तेच. मात्र स्वतःचं तंबू-रेशन स्वतः वाहायचं असेल, ओझं 14-15 किलोंवर जाणार असेल, तर वर सांगितलेल्या मापात एका इंचाचीही तडजोड नको. लेखाचा मोठा भाग या लोकांसाठी होता.

उंच मुलींबद्दल मात्र कुणीच लिहीत नाही. बायकांसाठी म्हणून निघणाऱ्या सॅकची पाठ मुळातच आखूड धरलेली असते. पट्टे जवळजवळ, टोकाला अरुंद, बेल्टला कमरेप्रमाणे बाक. हे सगळं सोयीचं, पण 5 फूट 10 इंचांच्या एखाद्या व्हॉलीबॉलपटूची पाठ 20 इंच निघाली की तिच्या मापाची बायकांची सॅक मिळणं कठीण. तिने सरळ पुरुषांच्या सॅकमधली मीडियम किंवा लार्ज घालून बघावी आणि बेल्ट व पट्टे बदलून मिळतात का ते विचारावं. न मिळाले तर दोनच गोष्टी तपासाव्या. पट्टे मानेला घासतात का, आणि बेल्टची वरची कड बरगड्यांना टोचते का. या तपासायला घरून दहा-बारा किलो तांदूळ दोन पिशव्यांत घेऊन जावं, ते सॅकमध्ये भरावेत आणि दुकानाच्या जिन्यावरून वीस मिनिटं वरखाली करावं. जिना नसलेल्या दुकानात बाहेरच्या फुटपाथवर.