वारकरी माना वर करतात तेव्हा

नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी मुळात गाळावर जगतात. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालव्यांसाठी दगडी बंधारा बांधला गेला. पाणी अडले तसा गाळही साचत गेला आणि त्यातून उथळ पाणी, बेटे, पाणवनस्पतींचे पट्टे तयार झाले. पाणीसाठ्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा. बदकांच्या हिशेबात नाही. 1986 मध्ये येथे अभयारण्य झाले आणि 2020 मध्ये हे राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले.

हिवाळ्यात अभयारण्याकाठच्या चापडगावच्या बाजूने पाहुण्यांना पक्षी दाखवणारे गाइड बहुधा आसपासच्या गावांतले असतात. पक्ष्यांची नावे पुस्तकातूनही शिकता येतात. कुठे थांबायचे, हे मात्र पाण्याकाठीच कळते. त्याची खूण वारकरी देतात. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला हा पाणपक्षी माणूस जवळ येताच चरणे थांबवून मान ताठ करतो. एकदोघांनी मान वर केली की पाऊल तिथेच थांबवायचे. आणखी चार पावले टाकली तर वारकरी पाण्यावरून फडफडत धावत सुटतात, त्यांच्यामागे थापट्या आणि तलवार बदकेही उठतात. परतीच्या लांब प्रवासासाठी साठवायची चरबी अशा उड्डाणांत खर्ची पडते. फोटोसाठी थवा उडवा म्हणणाऱ्या पाहुण्याला नकार देणे, हेही म्हणूनच गाइडचे काम.

जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेत याच नजरेचा कस लागतो. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी मोजून ते केवढी जागा व्यापतात हे डोळ्यांत ठेवायचे, मग तेवढे तुकडे थव्यावर मांडत जायचे. निम्म्यावर येताच दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून घिरटी घालतो, सगळे उडतात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

पाणी मात्र गाइडच्या हातात नसते. वरच्या धरणांतून येणारे पाणी आणि कालव्यांची आवर्तने यांवर पातळी ठरते. पाणी उतरले की चिखल उघडा पडतो, शेकाटे आणि तुतारी तिथे उतरतात. चढले की तीच जागा बुडते. शिवाय वरून वाहत येणारी पाणवेल उघडे पाणी झाकून टाकते. ती काढावी लागते, पण सरसकट नव्हे: कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या अशा तरंगत्या हिरवळीवरही वावरतात.