शिष्यासाठी विलंबित

आषाढ शुद्ध पौर्णिमा हा व्यासपूजनाचा दिवस. गुरूंच्या पादुकांवर फूल वाहताना शिष्याने आपल्या पदरच्या चुकाही तेथेच ठेवाव्यात, असे आम्हांस वाटते. आज आम्ही अशीच एक चूक वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गेल्या चातुर्मासात कीर्तनसेवेसाठी आमचा मुक्काम घाटकोपरला होता. तेथील एका भाविक कुटुंबाने जपून ठेवलेली एक कॅसेट आमच्या हाती दिली. आमच्या वैकुंठवासी गुरुजींचे १९८६ साली त्यांच्या चाळीच्या अंगणात झालेले कीर्तन तीवर मुद्रित होते. मुलुंडच्या एका भजनी मंडळाने आग्रह धरला, "बुवा, यातील भैरवीचा अभंग आम्हांला स्वरलिपीत लिहून द्या." आम्ही हसून म्हणालो, "त्याला कॅसेट कशाला? तो आम्हांला पाठ आहे."

तरीही कॅसेट लावली. आणि अंतऱ्याच्या शेवटी आम्ही अडखळलो. तेथे एक जागा विजेसारखी चमकून जाई, पण हाती लागेना. यजमानांचा नातू म्हणाला, "आजोबा, हे संगणकावर अर्ध्या गतीने ऐकू या का?" आम्ही मान हलविली. आमच्या तरुणपणी रिळांच्या यंत्रावर सेकंदाला १९ सेंटिमीटर गतीने मुद्रित केलेली फीत साडेनऊच्या गतीने लावली, की कंपनसंख्या निम्मी होऊन गाणे बरोबर एक सप्तक खाली उतरे. षड्ज षड्जच राही, पण गवयाचा कंठ घोगरा होऊन ओळखू येईनासा होई.

आता तसे होत नाही. संगणक ध्वनीचे अतिसूक्ष्म तुकडे करून ते एकमेकांवर किंचित चढवीत लांबवितो. त्यामुळे गती उतरते, पण स्वर जागचा हलत नाही. नातवाने तो अंतरा अर्ध्या गतीने लावला आणि आम्ही स्तब्ध झालो. तार षड्जावरून खाली येताना आम्ही कोमल निषाद, कोमल धैवत, पंचम असे सरळ उतरत आलो होतो. गुरुजी मात्र धैवतावरून पुन्हा निषादाला स्पर्श करून मग पंचमावर विसावत होते. सासरी निघालेली लेक उंबऱ्यावरून एकदा मागे वळून पाहते, तसा तो स्पर्श! एवढ्या वर्षांत तो आम्ही गायिला नाही आणि कित्येक शिष्यांना त्यावाचूनच अभंग शिकविला.

दोष कोणाचा? वेदपठणाच्या शिक्षाग्रंथांत तीन वृत्ती सांगितल्या आहेत: अभ्यासासाठी द्रुत, प्रयोगासाठी मध्यम आणि शिष्यांना उपदेश करताना विलंबित. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवांनी तेराव्या शतकात संगीतरत्नाकरात द्रुताच्या दुप्पट मध्य आणि मध्याच्या दुप्पट विलंबित, असे लयीचे मानही दिले. म्हणजे नातवाने जे केले ते शास्त्राला नवे नव्हते. गुरुजी प्रत्येक जागेनंतर विचारीत, "आले का?" आम्ही घाईने "आले" म्हणत असू. "आणखी सावकाश सांगा" असे म्हटले असते, तर त्यांनी शंभरदा सांगितले असते.

ज्या मंडळांकडे अशा जुन्या कॅसेटी आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. कॅसेटची प्रमाणगती सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर असते. पण यंत्राचा पट्टा सैल झाला की ती बिघडते आणि पट्टीही बदलते. म्हणून पट्टी आधी पेटीशी जुळवून घ्यावी. मग पाच-दहा सेकंदांचा तुकडा पुनःपुन्हा ऐकावा. प्रथम सम शोधावी, नंतर स्वर गळ्यातून काढावेत आणि मगच लिहावे. पेटीवर मींड निघत नाही, हे विसरू नये. गती निम्म्याहूनही फार उतरविली तर पखवाजाची थाप विरघळते. म्हणून स्वर सावकाश टिपावेत, पण लय मूळ गतीतच पारखावी.

लिहिण्यासाठी पंडित भातखंडे यांची लिपी सोयीची आहे: कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्राला खाली बिंदू, ताराला वर बिंदू, एका मात्रेतील स्वरांखाली अर्धवर्तुळाकार रेघ. वाळकेश्वरी १८६० साली जन्मलेल्या या पंडितांनी ठिकठिकाणच्या गवयांकडून मिळविलेल्या असंख्य चिजा क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत लिहून ठेवल्या. उपनगरातील जुहूच्या संगीत महाभारतीचे संस्थापक पंडित निखिल घोष यांनीही १९६८ साली नव्या स्वरलिपीचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

यंत्र गुरू होत नाही. चुकले तर ते रागावत नाही, जमले तर पाठीवरून हात फिरवीत नाही. परंतु गुरूंचा शब्द त्याने जपला आणि आमचा अहंकार उघडा पाडला, एवढे ऋण मान्य केलेच पाहिजे.

आज सायंकाळी पादुकांसमोर शिष्यांना बसवून आम्ही तो अभंग नव्याने सांगणार आहोत. आधी चूक कबूल करू, मग विलंबित लयीत गाऊ. आणि कोणी घाईने "आले" म्हणाला, तर त्याला म्हणू, "बाळा, पुन्हा एकदा ऐक."