गुन्हा कबूल आहे, पण...

वकिलाने कबुलीजबाब देऊ नये, असा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तरीही आज एक कबुलीजबाब देतो आहे. वाचकहो, मी रहस्यकथा वाचतो. पुरस्कारविजेत्या, चर्चासत्रात गाजलेल्या नव्हेत. मुखपृष्ठावर पिस्तूल, मागे किंचाळणारी बाई आणि खाली ठळक अक्षरांत लेखकाचे नाव, अशा. वडगावच्या कोर्टात पुकारा होण्याची वाट बघताना वाचतो, लोकलमध्ये वाचतो आणि कधीकधी सभेला निघण्याआधीही चार पाने उरकतो. पिशवीत वर संविधानाची प्रत, खाली बाबूराव अर्नाळकर. चळवळीतला कोणी समोर आला, की हात आपोआप पिशवीचे तोंड आवळतो.

हात का आवळतो? एखाद्या सुखवस्तू घरातल्या मुलाने रहस्यकथा वाचली तर तो ‘वाचनवेडा’ ठरतो. आमच्या घरातल्या मुलाने वाचली तर तो ‘वाया गेला’. या फरकाचे उत्तर मला माझ्या गावातच सापडते.

सोमाटणे फाट्यावरून आत वळले, की आमचे परंदवडी. मावळातले भातशेतीचे गाव. मी आठवीत असताना, १९९३-९४ च्या सुमारास, तळेगावला एका रद्दीच्या दुकानात वजनावर पुस्तके मिळत. पहिली चार पाने गायब, कधी शेवटचे प्रकरणच नाही. खुनी कोण हे कळायचेच नाही, मग रात्रभर आपणच ठरवायचे. पुढे न्यायालयात सरकार पक्षाचे अर्धवट कागद हाती आल्यावर उरलेले काय असेल याचा अंदाज बांधायची जी सवय उपयोगी पडली, ती त्या फाटक्या पुस्तकांनी लावली असे मला आजही वाटते.

एकदा इतिहासाच्या पुस्तकात लपवलेली तसली कादंबरी वडिलांच्या हाती लागली. वडील देहूरोडला कामाला होते. ज्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्या विहारात ते दरवर्षी न चुकता जात. त्यांनी मला मारले नाही. एवढेच म्हणाले, “तुझा आज्जा शाळेच्या पडवीत बसून अक्षरं ऐकून ऐकून शिकला. ते काय तू हे वाचावं म्हणून?”

मार खाल्ला असता तर बरे झाले असते. ते वाक्य तीस वर्षे पाठ सोडत नाही. आमच्या समाजात पुस्तक ही करमणुकीची वस्तू नव्हती, ती नाकारलेली आणि झगडून मिळवलेली गोष्ट होती. म्हणून वाचन हे आमच्यावरचे ऋण आहे. ऋणाच्या पैशातून कोणी चैन केली तर त्याला जसे वाटेल, तसे मला रहस्यकथा वाचताना वाटते.

पण हे पुस्तक खरोखर चैनीचे होते का? बाबूराव अर्नाळकरांनी १९३६ ते १९८४ या काळात हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या नावाची नोंद गिनीज बुकात झाली. पण मराठी साहित्याच्या इतिहासात त्यांना जेमतेम एखादी ओळ मिळते. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही नावे गिरणगावातल्या कामगाराला पाठ होती. गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्यांची संख्या बाराशेच्या घरात. २०२१ साली ते गेले. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ २०१३ साली पडद्यावर आली आणि एरवी नाक मुरडणारेही ‘आम्ही कॉलेजात असतानाच वाचली होती’ असे सांगू लागले. तोवर शिरवळकरांना जाऊन दहा वर्षे झाली होती. कोणते पुस्तक ‘साहित्य’ आणि कोणते ‘रद्दी’, हे वाचणारा नव्हे, तर पानसुपारीच्या बैठकीत बसणारा ठरवतो. उच्चनीचतेची उतरंड आपण समाजात नाकारतो, मग पुस्तकांच्या कपाटात ती निमूट का मान्य करायची?

आणखी एक. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवर जो ग्रंथ लिहिला, त्यात यंत्राची बाजू घेताना फुरसतीचा मुद्दा मांडला आहे. राबण्यातून माणसाला सवड मिळाल्याशिवाय संस्कृती उभी राहत नाही आणि ती सवड यंत्रामुळे सर्वांना मिळू शकते, असा त्यांचा युक्तिवाद. ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या कामात गेल्या, त्यांच्या नातवाला संध्याकाळी दोन तास कोणाच्याही उपयोगाचे नसलेले पुस्तक वाचता येते, हेही काही कमी नाही. हा युक्तिवाद मी वडिलांपुढे करू शकलो नाही, कारण तेव्हा मी आठवीत होतो. आज तो करायला वडील नाहीत.

इथवर बचाव पक्ष. आता सरकार पक्ष ऐका, कारण खरा गुन्हा वेगळाच आहे.

वकिली सुरू करून मला दोन-तीन वर्षे झाली होती. एका वस्तीतल्या एकोणीस वर्षांच्या पोराला चोरीच्या संशयावरून उचलले होते. त्याची आई रात्री घरी आली. ठाण्याचे नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही ठाण्यात घडू शकले असते. सकाळी कोर्टाच्या आवारात मी त्याला पाहिले. पायात चपला घालता येत नव्हत्या, तळवे इतके सुजले होते. “साहेब, मी हो म्हणालो,” एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

आई दारात आली, तेव्हा मी काय करत होतो? एक कादंबरी वाचत होतो. तिच्यातला इन्स्पेक्टर संशयिताच्या दोन कानाखाली ठेवून देतो आणि तो पोपटासारखा बोलू लागतो. ते पान वाचताना मला मजा आली होती. ‘असाच पाहिजे,’ असे मनात म्हणालोही होतो. बारा तासांच्या आत तोच प्रसंग माझ्यासमोर चपला हातात धरून उभा होता.

त्या पोराच्या वतीने मी जे मांडले, ते कायद्यात शंभर-सव्वाशे वर्षे लिहिलेले होते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचे हे कलम २५. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, तरी तेच तत्त्व त्याच्या कलम २३ मध्ये कायम आहे. अटक केलेल्याला २४ तासांत न्यायाधीशापुढे उभे करा, त्याला वकील भेटू द्या, हे संविधानाचे कलम २२ सांगते. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी बजावले की अटकेचा पंचनामा करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या, नातेवाइकांना कळवा, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करा. कुठल्या रहस्यकथेत हे वाचल्याचे आठवते? तिथे कायदा म्हणजे नायकाच्या वाटेतली अडगळ. ती ओलांडून तो न्याय करतो आणि आपण टाळ्या वाजवतो. त्या टाळ्यांचा हिशेब कोणाच्या तळव्यांवर होतो, ते वकिली करताना कळते.

दुसरा आरोप खलनायकाच्या वर्णनाचा. काळाकुट्ट, राकट, वस्तीतला, अंगावर जखमेचा व्रण. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. स्वतंत्र भारतात तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. कायदा गेला, पण ते वर्णन पॉकेटबुकात राहून गेले. आजही चोरी झाली की आधी पारध्याचा पाल तपासला जातो. हे वर्णन लेखकाने मुद्दाम लिहिले असेल असे नव्हे. त्याने हाताशी पडलेले उचलले आणि आपण न बघता वाचले.

मग ही पुस्तके जाळायची का? मुळीच नाही. त्याच साहसकथेच्या मसाल्यातून अण्णाभाऊ साठेंनी १९५९ साली ‘फकिरा’ दिली. तिच्यात घोडदौड आहे, दरोडा आहे, पाठलाग आहे. फरक इतकाच, की दरोडेखोर कोण आणि तो का झाला, हे अण्णाभाऊंनी सांगितले आणि ती कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. अमेरिकेत अर्ल स्टॅन्ली गार्डनर हा वकील पेरी मेसनच्या कथा लिहून गाजला. दर कथेत अशील निर्दोष आणि खरा खुनी भर कोर्टात कोलमडणार, हे ठरलेले. आमच्या कोर्टात कोलमडतात ते बहुधा पंखे. पण त्याच गार्डनरने १९४८ साली एका मासिकाच्या मदतीने तज्ज्ञ गोळा केले आणि तुरुंगात चुकून सडणाऱ्या गरिबांची प्रकरणे पुन्हा तपासायला घेतली. काहींची सुटकाही झाली. त्याच वळणाचा आपल्याकडचा नायक म्हणजे शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास. काळा कोट हा आपल्यालाही घालता येईल असे मला पहिल्यांदा वाटले, ते त्याच्यामुळे. घटनासमितीची भाषणे मी नंतर वाचली. हे सांगायला लाज वाटत होती, आता वाटत नाही.

गेल्या वर्षी विहारातल्या वाचनालयासाठी पुस्तके काढायला बसलो होतो. देणगीत आलेल्या खोक्यात वीस-पंचवीस रहस्यकथा निघाल्या. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, “वकीलसाहेब, हे खोकं रद्दीत टाका.” मी म्हणालो, “काका, मी रद्दीतूनच आलोय.” ते हसले नाहीत. बरीच वादावादी झाली. शेवटी खालचा एक कप्पा मिळाला. वरच्या कप्प्यात बाबासाहेबांचे खंड आहेत, मधल्यात आत्मकथने.

त्या कप्प्यातली पुस्तके सर्वांत आधी फाटली. आता दर पंधरा दिवसांनी पोरे जमतात, एखादी कथा निवडतो आणि एकच काम देतो. नायकाने यात किती कायदे मोडले, ते मोजा. मागच्या वेळी दहावीतल्या एका मुलीने नऊ मोजले. मला सातच सापडले होते. घरी जाताना तिने विचारले, “सर, पण यातला आरोपी खरंच दोषी होता का? त्याच्या बाजूनं कुणी बोललंच नाही.”

वाचकहो, लपवून वाचत असाल तर उघड वाचा. फक्त तिने विचारलेला प्रश्न पुस्तक मिटताना विचारत जा. गुन्हा कबूल केल्यावर शिक्षा काय, हे ज्याने त्याने ठरवावे. माझी मी ठरवली आहे. आता पिशवीचे तोंड आवळत नाही.